बिनखात्याच्या मंत्र्याचा थाट

मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की एखाद्याच्या वाट्याला मंत्रिपद येतं, पण खातं येत नाही. टेबलावर फाइल नसते, सहीला किंमत नसते. मात्र बंगला, गाडी, स्वीय सहायक आणि दारावरची पितळी पाटी यांत काही उणं नसतं. उलट खात्याची भरपाई म्हणून पाटी जरा मोठीच करून देतात. घरी संगणक जुळवायला निघालेल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा संगणकबाजार गाठण्याआधी या पदाचा थोडा अभ्यास करावा, कारण प्रोसेसर, रॅम सगळं ज्यावर बसतं त्या मदरबोर्ड नावाच्या वस्तूचं गेल्या दोन-अडीच दशकांत हेच होत आलं आहे. त्याच्याकडची खाती प्रोसेसरने एकामागून एक काढून घेतली आणि दर खात्यामागे त्याचा थाट वाढला. बजेट आखताना आपण मात्र अजून त्याला मुख्यमंत्री समजतो. साठ-सत्तर हजारांच्या जुळणीत बावीस हजारांचा बोर्ड घ्यायचा, मग हात आखडता घेत ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं, रॅमची एकच पट्टी आणि ज्याचं नाव दुकानदारालाही खोका उलटून वाचावं लागतं असा पॉवर सप्लाय घ्यायचा, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिला शहाणपण म्हणतात. म्हणणं एवढंच आहे की घरच्या संगणकाला बोर्डामुळे वेग येत नाही. बोर्ड निवडताना वेगाचा विषय कुणी काढलाच तर तो पटलावर न घेता पुढच्या विषयाकडे वळावं.

पूर्वी असं नव्हतं. १९९८ साली इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, म्हणजे कारभारी चिपांचा संच, असलेला बोर्ड हे खरोखर वजनदार खातं होतं. सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर अशा बोर्डावर बसवायचा, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर न्यायचा, की तो बहुतेक वेळा निमूटपणे ४५० वर धावायचा. ॲबिटच्या बीएच६ या बोर्डावर तर त्यासाठी जंपरही हलवावा लागत नसे. बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या, पडद्यावरूनच काम व्हायचं. दीडपट वेग, आणि तोही बोर्डाच्या कर्तबगारीवर! तेव्हा प्रोसेसरला रॅममधून काही हवं असलं की बोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपची परवानगी लागायची. ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं तरी तीच मध्यस्थ. नॉर्थब्रिज कुणाचा, यावर संगणक चपळ की सुस्त हे ठरत होतं. मग २००३ मध्ये एएमडीने ॲथलॉन ६४ आणला आणि रॅमचं खातं प्रोसेसरच्या पोटात घेतलं. इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर तेच केलं आणि पुढच्याच वर्षी ग्राफिक्स कार्डाचा थेट मार्गही प्रोसेसरकडे वळवला. नॉर्थब्रिजचं पद रद्द झालं. २०१३ मध्ये इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरने व्होल्टेजचं खातंही निम्मंअधिक आपल्याकडे ओढलं. २०१५ मध्ये स्कायलेक पिढीच्या वेळी ते परत दिलं गेलं. रुसवाफुगवा आणि पुनर्वसन इथेही चुकलेलं नाही. शेवटी एएसरॉकने डेस्कमिनी ए३०० नावाचा छोटेखानी संगणक काढला. त्यात चिपसेट म्हणून वेगळी चिपच नाही. एएमडीचा रायझन प्रोसेसर यूएसबी, डिस्कसाठीचे साटा आणि एनव्हीएमई असं सगळं स्वतःच सांभाळतो आणि कारभार कुठेही अडत नाही.

खाती गेल्यावर उरतो तो थाट, आणि तो दाखवायला बोर्डाच्या कंपन्यांनी काही बाकी ठेवलेलं नाही. टॉमहॉक, मॉर्टार, मॅक्सिमस, हीरो ही नावं ऐकून गिऱ्हाइकाला वाटावं की आपण एक्सेलमध्ये घरखर्च मांडायला नाही, सीमेवर निघालो आहोत. एमएसआयच्या एका मालिकेचं नाव तर थेट गॉडलाइक आहे. त्यातल्या काही दैवी बोर्डांबरोबर एक छोटा टचस्क्रीन मिळतो. संगणकाला मुळात पडदा असतो, हे देवाला बहुधा कुणी सांगितलं नसावं. चिपसेटच्या नावांतली गंमत याहून बारीक आहे. एएमडीच्या २०२२ च्या पिढीत बी६५० हा मधला वर्ग आणि एक्स६७० हा वरचा. वरचा का? तर त्याच्यावर बी६५० चीच चिप दोनदा बसवलेली आहे. २०२४ मध्ये एक्स८७० आला. त्याच्यावर पुन्हा तीच चिप, या खेपेला एकच. जोडीला यूएसबी ४ सक्तीचं केलं, त्यासाठी वेगळी चिप लावली आणि आकडा दोनशेने वाढवला. मंत्री तोच, दालन तेच, पाटी नवी. शपथविधीला गर्दी मात्र झाली.

आता फेजचं प्रकरण, कारण विक्रीच्या बोलण्यात सगळा भर त्यावर असतो. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला झेपतील असे एक-सव्वा व्होल्टवर उतरवणाऱ्या मंडलाला व्हीआरएम म्हणतात, आणि ते काम फेजांमध्ये वाटलेलं असतं. घराला महावितरणची सिंगल फेज, शेतपंपाला थ्री फेज आणि तीही बऱ्याचदा रात्रीची. बोर्डावर मात्र चौदा, सोळा, वीस. हा आकडा प्रोसेसरच्या भुकेशी ताडून बघायला हवा. रायझन ५ ७६०० हा घरगुती जुळणीतला लोकप्रिय प्रोसेसर नेहमीच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो. ती सगळी वीज सव्वा व्होल्टने त्याच्या गाभ्याकडेच गेली असं धरलं, तरी हिशोब सत्तर अँपिअरवर थांबतो. साठ अँपिअरच्या चौदा फेज म्हणजे कागदावर ८४० अँपिअर. जास्त फेज असल्या की प्रत्येकीवरचा भार हलका होतो, व्हीआरएम थंड राहतं, हे खरं. पण सत्तर अँपिअरच्या गरजेसाठी बारापट बंदोबस्त लावला की उरलेल्या फेज करतात काय, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्याजोगा आहे. प्रोसेसर आणि रॅम तीच ठेवून नुसता बोर्ड बदलून घेतलेल्या चाचण्यांत, व्हीआरएम तापून हतबल होत नसेल तर, गेममधला फरक जवळपास मोजमापाच्या चुकीइतकाच निघतो. बारा-पंधरा हजारांचा बोर्ड आणि पन्नास हजारांचा बोर्ड यांतलं अंतर गिऱ्हाइकाच्या पाकिटात दिसतं, पडद्यावर दिसत नाही.

जोडणीच्या भोकांचंही तेच. मागच्या पट्टीवर पाच गिगाबिटचं लॅन पोर्ट असतं आणि भिंतीतून येणारी ब्रॉडबँडची जोडणी असते शंभर मेगाबिटची. घरात मोठ्या फायली साठवणारा सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ते पोर्ट पन्नासातल्या एका हिश्शावर जन्म काढतं. वाय-फाय ६ई आणि ७ ची मुख्य मिरवणूक सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते. अमेरिकेने तो पट्टा २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या भागाच्या नियमांचा मसुदाच मे २०२५ मध्ये आला. तोवर हे बोर्ड इथे विकले जात होते, खोक्यावर तो आकडा होता आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजत होतं. ग्राफिक्स कार्डासाठीची पीसीआय एक्स्प्रेस ५.० ची खाच २०२१ अखेरच्या इंटेल झेड६९० बोर्डांवर आली. तिचा पूर्ण वेग वापरणारं घरगुती ग्राफिक्स कार्ड आपल्या बाजारात यायला २०२५ चा जानेवारी उजाडला. मधल्या तीन वर्षांत तो जास्तीचा वेग कुणी वापरला असेल, तर धुळीने.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आज चार पैसे जास्त घातले तर बोर्ड पुढे कामाला येतो, नवा प्रोसेसर टाकता येतो. आक्षेप दमदार वाटतो, पण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलच्या सातव्या पिढीबरोबर झेड२७० बोर्ड आले. ज्यांनी त्यातला सर्वांत महाग घेतला त्यांच्यासाठी ऑक्टोबरात आठवी पिढी आली. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं नाव तेच, ११५१, पण प्रोसेसर चालेना. हवा होता झेड३७०. पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. म्हणजे अडसर तांब्याच्या तारांत कमी आणि धोरणात जास्त होता. उलट बाजूला एएमडीचं एएम४ सॉकेट. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की येणारे नवे प्रोसेसर बी४५० बोर्डांवर चालणार नाहीत. ओरड झाली आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. २०२२ मध्ये तर सर्वांत स्वस्त ए३२० बोर्डांनाही त्या पिढीचे दरवाजे उघडले. तेव्हा बोर्डाचं आयुष्य त्याच्या किमतीवर ठरत नाही, चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर ठरतं. एएम४ वर अडचण आली ती हास्यास्पद ठिकाणी: कित्येक बोर्डांवर बायोसची मेमरी चिप १६ मेगाबाइटचीच होती आणि सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. एमएसआयने जागा करण्यासाठी बायोसच्या पडद्याची रंगीत सजावट उतरवली. म्हणून सल्ला हवाच असेल तर हा घ्या: बोर्ड बदलायची वेळ येईल असं गृहीत धरून स्वस्त घ्यावा, आणि प्रोसेसर न लावता बायोस अद्ययावत करण्याचं बटण मागच्या पट्टीवर आहे ना, ते पाहावं. वीस फेजांपेक्षा ते एक बटण अधिक वेळा कामाला येतं.

दुसरा आक्षेप जास्त सरळ आहे: मग सगळ्यात स्वस्तच का नको? नको, कारण बिनखात्याच्या मंत्र्यालाही बसायला खुर्ची लागते. तळातल्या बोर्डांच्या व्हीआरएमवर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा नसतो. अशा बोर्डावर इंटेलचा आय९ सारखा भुकेला प्रोसेसर चढवला की तो दहा-पंधरा मिनिटांत तापून आपला वेग आपणच कापून घेतो. तळाच्या बोर्डांवर रॅमला दोनच खाचा असतात, एसएसडीसाठीची एम.२ ची पुष्कळदा एकच, मागे यूएसबी मोजकी. प्रिंटर, कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि डिजिटल सही करायचं डोंगल लावलं की पाहुण्याच्या पेन ड्राइव्हला जागा उरत नाही. सीए आणि निविदा भरणारे कंत्राटदार यांना हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे बोर्ड निवडायचा तो मागून, आणि भोकं मोजून. पट्टीला काय काय लावायचं, आत किती डिस्क बसवायच्या, पेटीत बोर्ड मावतो का, आपला प्रोसेसर किती वॅट ओढतो, एवढं कागदावर उतरलं की निम्म्याहून अधिक बोर्ड आपोआप गळतात. उरलेल्यांत ज्याचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे तो घ्यावा. साताऱ्याहून बोर्ड दुरुस्तीला मुंबईला पाठवायचा तर कुरिअर, पॅकिंग आणि महिनाभराची वाट यांत टॉमहॉकची सारी मर्दुमकी जिरते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा: दणकट बोर्ड प्रोसेसरला जपतो. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीने कारणं शोधली, तेव्हा मुख्य दोष व्होल्टेज वाढवून मागणाऱ्या मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीचा, निघाला; पण यादीत एक कारण असंही होतं की बोर्डांच्या मुळातल्याच सेटिंगमध्ये इंटेलच्या मार्गदर्शक मर्यादेबाहेर वीज सोडलेली होती. भरपूर फेज आहेत, मग मर्यादा कशाला, असा तो उदारपणा. चाचणीच्या तक्त्यात शेजाऱ्यापेक्षा एक टक्का वर दिसायचं, आणि बिल प्रोसेसरने भरायचं. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बोर्डांच्या खोक्यावर मात्र कुठे दिलगिरी छापून आल्याचं दिसलं नाही.

राहिला दिसण्याचा मुद्दा, आणि तो प्रामाणिक आहे. काचेच्या पेटीत रंगीत दिवे लुकलुकताना पाहून कुणाला बरं वाटत असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त दिव्यांची पट्टी वेगळी मिळते आणि ती काही हजारांच्या आत येते. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून सरकारने काढले. बोर्डांवरचे त्याच सुमारास जोरात पेटू लागले, हा निव्वळ योगायोग मानू.

एक खातं मात्र बोर्डाला नव्याने मिळालं आहे, तेही कुणी मागितलेलं नव्हतं. पूर्वी प्रोसेसरला खाली पिना असत आणि वाकल्या तर प्रोसेसर गेला म्हणायचं. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणून पिना बोर्डावर टाकल्या. एएमडीने २०२२ मध्ये एएम५ वर तेच केलं. आता तिथे केसाएवढ्या १७१८ पिना आहेत आणि वॉरंटी तीन वर्षांची असली तरी वाकलेल्या पिनेचा दोष गिऱ्हाइकाचा. त्या पिनांवर येतं ते प्लास्टिकचं टिचभर झाकण प्रोसेसर बसवताना निघतं आणि साफसफाईत कचऱ्यात जातं. काही कंपन्यांचं मॅन्युअल मात्र स्पष्ट सांगतं की सॉकेटवर हे झाकण नसेल तर बोर्ड दुरुस्तीला घेतला जाणार नाही. तेव्हा खोका उघडल्यावर दिव्यांची वायर, स्टिकर आणि कंपनीचं चिन्ह असलेली कीचेन कुणालाही वाटून टाका; झाकण तेवढं घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा.