हवा कुणाची, तार कुणाची?

यंदा आमच्या इमारतीत सगळ्यांत चुरशीची लढत एका टू-बीएचकेच्या मागच्या बेडरूममध्ये आहे. मतदारसंघ लहान, पण मागास. राऊटर हॉलमध्ये; मध्ये सिमेंटच्या दोन भिंती, एक बाथरूम आणि आजीचं लोखंडी कपाट. इथला मतदार घरून नोकरी करतो आणि दिवसभर साहेबांना एकच प्रश्न विचारतो : ‘सर, माझा आवाज येतोय का?’

सत्ताधारी पक्ष वायफाय. त्याची हवा आहे, आणि हवेपलीकडे काही नाही. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला. तेव्हापासून वरचे, खालचे, समोरच्या विंगचे सगळे तिथेच घुसलेत. एकमेकांना धक्का न लावता उभं राहायला चॅनेल मात्र तीनच : एक, सहा आणि अकरा. कुणी मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी गरम करायला ठेवली की तोही त्याच पट्ट्यात सभा घेतो. पक्षातला ५ गिगाहर्ट्‌झचा तरुण गट भलताच वेगवान, पण भिंत दिसली की गळाठतो. श्रेष्ठी म्हणतात, ‘मेश’ बसवा. म्हणजे खोलीखोलीत एकेक शाखाप्रमुख, खर्च मतदाराचा.

विरोधी पक्ष पॉवरलाइन. घोषणा झकास : नवी वायर नको, विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेऊ! एक अडॅप्टर राऊटरजवळ, दुसरा बेडरूममध्ये, की झालं. खोक्यावर आश्वासन दोन हजार मेगाबिटचं. निवडून आल्यावर पदरात त्यातला चतकोर पडला तरी नशीब. अटी मागच्या पानावर बारीक अक्षरांत. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्या की युती डळमळीत. राऊटर इन्व्हर्टरवर आणि बेडरूम थेट मीटरवर, तर बोलणी फिसकटलीच म्हणून समजा. मिक्सरमध्ये चटणी सुरू झाली की सभेत गोंधळ. आणि लाइट गेली की पक्षच बरखास्त.

रिंगणात एक अपक्षही आहे : लॅनची केबल. शंभर मीटरपर्यंत हजार मेगाबिट, भिंतीशी वाकडं नाही, चटणीशी वैर नाही. पण त्याला घरातून एकमुखी विरोध झाला. ‘आत्ताच रंग काढलाय, भिंतीवर वायर दिसेल!’ त्याच भिंतीवर डिशची केबल, एसीचा पाइप आणि दिवाळीपासून न उतरवलेली दिव्यांची माळ सुखाने नांदतेय, हा मुद्दा प्रचारात कुणी काढला नाही.

निकाल त्रिशंकू. बेडरूमपर्यंत पॉवरलाइन, तिथून पुढे वायफाय, असं आघाडी सरकार आलं. किमान समान कार्यक्रम एका कलमाचा : मीटिंग चालू असताना चटणी वाटायची नाही. सरकार स्थिर असल्याची ग्वाही अडॅप्टरचे हिरवे दिवे देतात. मतदार जिन्यात बसून मोबाइलच्या डेटावर मीटिंग करतो.

अपक्षाचं डिपॉझिट जप्त झालं. तो पुन्हा उभा राहील, पुढच्या रंगकामाला. म्हणजे पाच वर्षांनी.