मामा आणि कोळशाचं जहाज

वय वाढलं की माणसाला कशाचंच काही वाटेनासं होतं आणि त्यालाच आपण पोक्तपणा म्हणून मिरवतो. चार माणसांत 'अरे वा!' म्हणायचीसुद्धा चोरी. आमचा मामा मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी आ वासून हिंडतो. त्याची उभी हयात एसटीत तिकीट तपासण्यात गेली. तेरा वर्षांचं पोर अकराचं सांगून हाफ काढणाऱ्यांशी हुज्जत घालून माणूस खरं तर खडूस व्हायचा. हा निवृत्तीनंतर उलट कोवळा होत गेला.

असल्या माणसाला किल्ला दाखवायला नेऊ नये. शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड मी पाठ करून गेलो होतो. विजापूरकरांनी बांधला, पुढे संगमेश्वरचे नाईक, मग आंग्रे, १८१८मध्ये इंग्रज. मी नाईकांपर्यंत पोचतोय तोवर मामा खंदकाकाठी उकिडवा बसला होता. एक मुंगळा मेलेला टोळ मागे मागे ओढत नेत होता आणि मामा त्याला हातवारे करत होता, "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडं घे... बास!"

मग जयबाची दंतकथा निघाली. तट सारखा ढासळायचा, नरबळीशिवाय उभा राहणार नाही असं ठरलं आणि जयबा नावाचा पोरगा आपण होऊन तयार झाला, म्हणून हा जयगड. ही गोष्ट सांगताना कुणाचाही आवाज भारदस्त होतो, तसा माझाही झाला. शेजारच्या सहलीतल्या दोन बायकाही थांबून ऐकू लागल्या.

"त्याच्या आईला विचारलं होतं का कुणी?" मामा म्हणाला.

नाईक, आंग्रे सगळे तोंडपाठ. आईचं काही माझ्या वाचनात नव्हतं.

"निदान जेवायला तरी घातलं असेल ना रे पोराला?"

त्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू पोराला उपाशी मीच ठेवलं होतं. मी घाईघाईनं मामाला बुरुजावर नेला.

तिथून जिंदालच्या बंदराकडं निघालेलं कोळशाचं जहाज दिसत होतं. मामा त्याला हात करू लागला. एक हात दुखला, दुसरा केला.

"मामा, तिथनं तू मुंगीएवढासुद्धा दिसत नाहीस."

"मला मुंगळा दिसला की नाही?" हात तसाच वर. "महिनोन् महिने पाण्यावर असतात रे बिचारे. कुणीतरी हात करायला नको?"

यावर काय बोलणार? मी इकडंतिकडं बघितलं आणि केस सारखे करतोय असं दाखवत हात जरासा वर केला. "असा नाही, नीट कर," मामा ओरडला. बायकांनीही केला. त्यांचा माझ्यापेक्षा बराच नीट होता.

तवसाळला जायला खाली फेरीबोट आहे, नाहीतर राई-भातगावच्या पुलावरून मोठा वळसा. तिकिटं मामानंच मागितली, "एक फुल, एक हाफ."

"पोर कुठाय, काका?"

मामानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"सिनियरला सवलत नाय आमच्याकडं."

"सिनियर म्हणून कोण मागतंय?"

तिकीटवाल्यानं त्याला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं. "वयाचा दाखला आणलाय?"

"शाब्बास!" मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "हेच विचारायचं असतं!" आणि खुशीत दोन फुल काढली.