सहाशेऐंशीवाले काका

डायल-अपच्या काळात काळेवाडी फाट्यापासून पिंपळे सौदागरपर्यंत कुठल्याही गल्लीत चौकशी केली असती, तर एक तरी असा गृहस्थ हमखास सापडला असता: पन्नाशीच्या आसपासचा, भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि शेजाऱ्याचं इंटरनेट बंद पडलंय कळताच चेहरा एकदम खुललेला. आमच्या रहाटणीतल्या गल्लीत त्यांना सहाशेऐंशीवाले काका म्हणत. विंडोज ९८ ला डायलटोन मिळाला नाही की ६८० ही एरर यायची, आणि काका पडद्याकडे न बघता दारातूनच निदान करायचे. "सहाशेऐंशी ना? टोन नाही. सहाशेशहात्तर असती तर एंगेज. सहाशेएक्क्याण्णव असेल तर पासवर्ड चुकलाय. तो चिरंजीवांना विचारा, माझा विषय नाही."

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं ते महानगरांत. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना मुभा मिळाली, पोरं इंजिनिअरिंगला जाऊ लागली, आणि मग ते आमच्या टीव्हीशेजारी येऊन बसलं. काकांचं खरं करिअर तिथून पुढचं.

आल्या आल्या पहिला हुकूम सुटायचा, "आतला पॅरलल फोन काढा." मग बैठक. कारखान्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, ही त्यांची हयातभराची विद्या. तोच कान मोडेमच्या स्पीकरला लागायचा. लांब शिटी वाजली की म्हणायचे, "एकवीसशे हर्ट्‌झ. समोरच्यानं उचलला." पुढची खरखर सुरू झाली की बोट वर. "आता दोघांची स्पीडवरून घासाघीस चाललीय. आपण छप्पन मागतोय. मिळणार नाही." कोपऱ्यात २८.८ उमटलं की आमचा चेहरा पडायचा आणि काकांचा उजळायचा. अंदाज बरोबर आला ना!

जमलं नाहीच, तर सेटिंगमधली 'डायलटोनची वाट बघा' ही खूण काढायची. आपल्याकडचा टोन मोडेमला पुष्कळदा टोन वाटतच नसे, त्यामुळे निम्म्या केसेस इथेच मिटत. पण ही इतकी फुकट विद्या काकांना आवडत नसे. त्यांचा जीव गच्चीवरच्या सांध्यात. पावसात तिथली चिकटपट्टी सुटलेली असायची, आत पाणी, आणि तांब्याला हिरवा कळंक. काका अर्धं ब्लेड काढायचे, तार लालसर चमकेपर्यंत खरवडायचे, पिळायचे, नवी पट्टी गुंडाळायचे, आणि तो हिरवा तुकडा खाली आणून वहिनींच्या हातावर ठेवायचे. "हे बघा. यातून तुमचं इंटरनेट येत होतं." वहिनी चहा टाकायच्या. काका "राहू द्या" म्हणत दोन कप घ्यायचे.

अडचण एकच, वाराची. भोसरीची सुट्टी गुरुवारी, म्हणून काका गुरुवारी मोकळे. पण वीजही नेमकी गुरुवारीच जायची. कॉम्प्युटर बंद, काका समोर. मग आम्ही संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून मोडेमची थिअरी ऐकायचो. माणूस चांगला, पण थिअरी लांब होती.

आणि एवढं करून कनेक्शन लागलं, की काकांचा रस संपायचा. पोरं बारावीच्या निकालाचं पान उघडायला झेपावायची, पान वरून खाली ओळीओळीनं उतरायचं, तोवर काका चपला घालून दारात. "काका, तुम्हाला काही बघायचंय का?"

"मला? त्यात बघायचं काय असतं?"

२००५ मध्ये ब्रॉडबँड आलं. फोन चालू, नेटही चालू, आणि मोडेम मुका! काकांनी त्याला कान लावून पाहिला, हलवून पाहिला, आणि "यात काही कळायला मार्ग नाही" असं म्हणून कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

परवा आमच्याकडच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला. काका आता रिटायर झालेत, पण बातमी त्यांना कळतेच. कंपनीचा पोरगा येऊन सांगत होता, की ड्रेनेजच्या खोदाईत केबल तुटलीय.

"म्हणजे सांधा मारायचाय," काकांनी खिशात हात घातला. "ब्लेड आहे माझ्याकडे."

"काका, काचेची तार आहे. मशीनवर वितळवून जोडावी लागते."

काका क्षणभर गप्प झाले. मग त्याला जरा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "केवढ्याला मिळतं रे ते मशीन?"