वेल्डर पक्का झाला!

बर्मिंगहॅम

ती. बाबा आणि ती. आई,

सगळ्यात आधी तुमसरच्या आत्याला फोन करून सांगा की तुमच्या नातीचं लग्न ठरलेलं नाही. मागल्या रविवारी मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, "वेल्डर बघतोय, दोन-तीन मनात आहेत, पक्का झाला की कळवतो." तेवढ्यात फोन कटला. परत लागेपर्यंत आई मुलाच्या पगारापर्यंत पोचली होती. "पोरगी एवढी शिकली, अन् तिच्यासाठी वेल्डर काऊन पाहून राह्यला गा?" आई, वेल्डर म्हणजे इथे माणूस नव्हे, वेल्डिंगचं मशीन. घरी ठेवायचं आहे, पण घरजावई म्हणून नाही.

मशीन कशाला, तर मी एक गाडी घेतली आहे. १९६८ ची मॉरिस मायनर पिकअप. पुढून मोटार, मागून हौदा. बाबा, आपली अ‍ॅम्बेसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून निघाली ना, ही त्याच घराण्यातली धाकटी पाती. शेवटची काही वर्षं ही पिकअप इथेच अ‍ॅडर्ली पार्कच्या कारखान्यात बनायची, म्हणजे तिचं माहेरही जवळ. चाळिशी ओलांडलेल्या जुन्या गाडीला या देशात वार्षिक तपासणी माफ आहे, रोड टॅक्सही नाही. माणसाला मात्र चाळिशी लागली की सरकारी दवाखाना तपासणीला बोलावतो. मला बोलावणं आलं, गाडीला नाही. दोघांची अवस्था पाहता उलट व्हायला हवं होतं.

गंज एवढा आहे की सीटवर बसलं की पायाखालचा रस्ता दिसतो. तुमची सून म्हणाली, "सनरूफ ऐकलं होतं, पण ते वरच्या बाजूला असतं." एक बरं आहे. मायनरच्या मोटारीचा सांगाडा नि बॉडी एकच असते, पण व्हॅनला आणि पिकअपला ट्रकसारखी वेगळी चॅसिस आहे. बॉडी उचलून खालचं काम करता येतं. बॉडी कोण उचलणार, हे पुढच्या पत्रात.

तर स्थळं. बाबा, तुम्ही सुचवलंत ते आधी पाहिलं: आपल्या मोहाडी रस्त्यावरच्या ट्रॉलीवाल्याकडे असतं तसं साधं रॉडचं मशीन. तो रॉड टेकवायचा आणि आपल्या घरातला बल्ब मान टाकायचा, आठवतं? स्वस्त, दणकट, वाऱ्यापावसाला न भिणारं. पण ट्रॉलीचा पत्रा कुठे आणि हिचा कुठे! हिच्या केबिनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर, त्यात गंजाने खाल्लेला. बारा नंबरचा रॉड टेकवला की भोक बुजायच्या ऐवजी दुप्पट होतं. मी शेजाऱ्याच्या मशीनवर करून पाहिलं. भोकातून माझा हात गेला.

तुमची दुसरी सूचना, भंडाऱ्याचे कासार भांड्याला डाक लावतात तसा पितळी जोड द्यावा. पितळेच्या गावचा माणूस दुसरं काय सांगणार! दिसायला देखणा जोड, पण भार सोसणाऱ्या चॅसिसला तो इथे चालत नाही.

मग मिग मशीन. त्यात रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सरकते. त्यातलं बिनगॅसचं मॉडेल खिशाला परवडणारं, पण ठिणग्या फटाक्यासारख्या उडवतं. पातळ पत्र्याला गॅसवालं बरं: आर्गॉनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड, तार ०.६ मिलिमीटरची. सिलिंडरला डिपॉझिट भरावं लागतं. आई, सबसिडी नाही, आणि त्यावर चहाही होत नाही.

टिग नावाचं आणखी एक स्थळ होतं. फार नाजूक हाताचं, सोनाराच्या घरात शोभेल असं. त्याला एक हात मशालीला, दुसरा तारेला आणि एक पाय पेडलवर लागतो. मला दुचाकीवर क्लच आणि गिअर एकदम जमायला दोन उन्हाळे लागले होते, हे बाबांना माहीत आहे.

शेवटी गॅसवालं मिगच पक्कं केलं. घरातल्या १३ अँपिअरच्या प्लगवर चालतं. अट एकच, ते चालू असताना सुनेने किटली लावायची नाही. ही अट सुनेने अजून मान्य केलेली नाही. पूर्ण जोरात चालवलं तर दहा मिनिटांत दोनच मिनिटं काम करतं, बाकी आठ मिनिटं गार होत बसतं. तेव्हा आईचा जावयाचा अंदाज अगदीच चुकला म्हणता येणार नाही.

काल पहिला हात मारला. मी सलग रेघ ओढत गेलो, तर उष्णतेने पत्रा पापडासारखा उचलला. तेव्हा आईचं गच्चीवरचं सांडगे घालणं आठवलं. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग मधे. हा गार होईपर्यंत तिकडे दुसरा टाका. पत्रा सपाट राहिला. दिसायलाही सांडगेच दिसतात, पण ग्राइंडर फिरवला की झाकलं जातं. पुढच्या वेळी टाका मारायच्या आधी बॅटरीची वायर काढेन, हेही लक्षात ठेवलं आहे. का, ते विचारू नका.

बाबा, एक काम. ट्रॉलीवाल्याला विचारा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा तो बटाट्याच्या चकत्या किती वेळ ठेवायचा. काच मी लावली होती. फक्त काच खाली करायच्या आधी बटण दाबलं गेलं.

आत्याने पुन्हा विचारलंच, तर सांगा: मुलगा वजनाने अठरा किलो, रंग निळा, निर्व्यसनी नाही, गॅस पितो.

तुमचा,
बाळ