खालचं पाणी शुद्ध असतं?

पाथरी तालुक्यात ऊन तापलं की बोअरच्या गाड्या फिरू लागतात. दोनशे फुटांवर पाणी लागलं तरी मालक सांगतो, "आणखी खाली घ्या, खालचं पाणी शुद्ध असतं." हा समज घातक आहे.

आपल्या पायाखाली बेसॉल्टचे थरावर थर आहेत. वर काळी माती, मग मुरूम आणि तडकलेला खडक. इथे पावसाचं पाणी थेट मुरतं, आडा-विहिरीला लागतं. हा मुक्त जलधर. त्याखाली टणक काळा पाषाण, आणि थरांच्या सांध्यात कुठे लाल गेरू, कुठे छिद्राछिद्रांचा खडक. तिथे दाबाखाली कोंडलेलं पाणी म्हणजे बंदिस्त जलधर. वरची घाण त्याच्यापर्यंत सहजी पोचत नाही. वाट करून देतो ते आपण.

नवा बोअर जवळून बघा. केसिंगचा पाइप असतो मुरमापुरता. पाइप आणि भोक यांच्यामधली बोटभर फट बहुतेक ठिकाणी उघडीच, सिमेंट कुणी भरत नाही. शेजारी उकिरडा, पलीकडे संडासाचा शोषखड्डा, बांधाला लागून युरिया प्यायलेला ऊस. मोठा पाऊस झाला की हे सगळं त्या फटीतून खाली उतरतं. वाळू पाणी थोडंफार गाळते. खडकाची भेग काहीच गाळत नाही.

त्यातलं नायट्रेट तर कळतही नाही. त्याला रंग नाही, वास नाही. लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. असल्या पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवतं. बाळ निळं पडतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात देशातल्या सुमारे 20 टक्के नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडली होती.

आणि "आणखी खाली" जायला कायद्याचीही आडकाठी आहे. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरी-बोअरना मनाई केली आहे. ती पाळायला हवी, पाळून घ्यायलाही हवी.

बोअर घेताच केसिंगभोवती सिमेंट भरून घ्या, ओटा बांधा. कोरडा गेलेला बोअर उघडा टाकू नका. जलजीवन मिशनमधून गावाला पाणी तपासायचा संच मिळतो. ग्रामपंचायतीत जाऊन तो मागा आणि पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर पाणी तपासा. बाटलीच्या दुधावरचं बाळ ज्या घरात आहे, तिथलं आधी.