यावरातचा साबुदाणा

मराठवाड्यातील उपवास ही अन्न सोडण्याची प्रथा नसून अन्न बदलण्याची प्रथा आहे, हे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीने पूर्वीच सिद्ध केलेले असल्यामुळे त्यावर नवे संशोधन करण्याचे वस्तुतः कारण नव्हते. परंतु परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी या नृसिंहाच्या गावी वाढलेल्या प्रस्तुत लेखकाने ऐन नवरात्रात बँकॉकला जाण्याचे ठरविल्यामुळे ते करावे लागले. प्रवासाचा जाहीर हेतू भाच्याच्या नोकरीचे शहर पाहणे हा होता. घरच्या देखरेखीतून काही काळ सुटणे हा खरा हेतू होता, असे घरातील जाणकारांचे मत आहे.

बँकॉकमध्ये त्याच सुमारास ‘जे’ नावाचे व्रत पाळले जाते. चिनी पंचांगातील नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ तिथींना, नऊ सम्राटदेवांच्या सन्मानार्थ, चिनी वंशाचे थाई नागरिक आणि त्यांच्या जोडीने इतरही पुष्कळ लोक मांस, मासे, अंडी व दूध वर्ज्य करतात, पांढरी वस्त्रे नेसतात आणि कांदा-लसणासारख्या पाच उग्र वनस्पतींनाही तोंड लावीत नाहीत. अधिक महिन्याचा घोळ मध्ये आला नाही तर हे व्रत आणि शारदीय नवरात्र बरोबरच येतात. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला सुरू झाले. यावरात हा तेथील चिनी वस्तीचा मुख्य रस्ता असून, व्रताचे अन्न जेथे मिळते तेथे तांबड्या अक्षरांची पिवळी पताका लावलेली असते. जवळच १८७१ साली स्थापन झालेले वाट मंगकोन हे चिनी मंदिर आहे, ते पाहिले. नदीकाठचे वाट अरुणही पाहिले. दोन्ही उत्तम आहेत.

पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि टोपी हा प्रस्तुत लेखकाचा नित्याचा वेश तेथे व्रतस्थाचा गणवेश ठरला, आणि जो मान गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहूनही मिळाला नव्हता तो यावरातच्या गर्दीत विनासायास मिळाला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. अशा सन्मानित अवस्थेत एका गाड्यावर, वाफेच्या भांड्यात केळीच्या पानावर मांडलेले साबुदाण्याचे पारदर्शक गोळे दिसले. सोबत शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर होती. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसाव्याचा कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे सर्व अमेरिका खंडातून आलेले असून, महाराष्ट्राचा सनातन फराळ त्यांच्यावाचून उभा राहत नाही. कसाव्याच्या निर्यातीत तर थायलंड जगात अग्रेसर आहे. तेव्हा माहेरच्या साबुदाण्याला नकार देणे शिष्टाचारास धरून झाले नसते. पहिली बशी संपली, दुसरीही संपली.

“मामा, थांबा,” हातातल्या फोनवरून मान वर करीत भाचा म्हणाला, “याला साकू साई मू म्हणतात. आत डुकराचं मांस असतं.”

माहिती ही घासाच्या आधी उपयोगी असते, नंतर तिला केवळ शोकसंदेशाचे मूल्य उरते, हे नव्या पिढीला कोणी शिकविलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पोटात त्या क्षणी जे घडले त्याचे शास्त्रीय वर्णन टाळलेले बरे; मनात मात्र दशावतारांचा क्रम उभा राहिला. वराह तिसरा, नृसिंह चौथा. वराहाने हिरण्याक्षाला मारले आणि नृसिंहाने त्याच्या भावाला, म्हणजे हिरण्यकशिपूला. पोखर्णीच्या देवासमोर वैशाखातल्या जयंतीला उभे राहून, आपण त्याच्याच आधीच्या अवताराच्या वंशजाला दोन बश्यांमध्ये संपविले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? रस्त्याच्या कडेला बसून प्रायश्चित्ताचे प्रकार आठवणाऱ्या त्या शुभ्रवस्त्रधारी माणसाला लोकांनी ध्यानस्थ समजून नमस्कार केले, त्यामुळे अपराधीपणा अधिकच वाढला.

अखेर गाडीवालीलाच दया आली. भाच्याने खाणाखुणांनी विचारताच त्या वृद्धेने डोक्यावरच्या पिवळ्या पताकेकडे बोट दाखविले: व्रताच्या दिवसांत मांस नाही, सारणात शेंगदाणे, सोयाबीन, ताडगूळ आणि खारवलेला मुळा.

मुळा! वराहाचा प्रश्न सुटला आणि मुळ्याचा उभा राहिला, कारण मुळा उपवासाला चालत नाही. कोथिंबिरीवर मराठी घराघरांत मतभेद आहेत, मुळ्यावर नाहीत. निवाड्यासाठी पोखर्णीला आईला फोन लावण्यात आला.

“मुळा व्हता का?”

“होता.”

“मंग मोडला. आता पोटभर जेव. परक्या मुलखात उपाशी नको फिरू.”

जिने स्वतः कित्येक नवरात्रे लवंग आणि पाण्यावर काढली, तिने लेकाला इतक्या सहज सोडून द्यावे, याला विनोदात जागा सापडत नाही. भाचाही फोन खिशात ठेवून काही वेळ गप्प राहिला.

सुटकेच्या आनंदात प्रस्तुत लेखकाने डबी काढून तळहातावर तंबाखू-चुना मळावयास घेतला, कारण तंबाखू कोणत्याही उपवासाला चालते हा परभणी जिल्ह्यातील पुरुषांनी एकमताने मान्य केलेला सिद्धान्त आहे. गाडीवालीचा चेहरा कठोर झाला. थाई व्रतात वर्ज्य मानलेल्या त्या पाच उग्र वनस्पतींपैकी पाचवी तंबाखू आहे. मान गेला, स्टूलही गेले.

नवरात्रात तिकडे जाणाऱ्यांनी पिवळी पताका पाहूनच खावे, मुळ्याविषयी आधी विचारावे आणि तंबाखूची डबी गावीच ठेवून जावे.