शिकू देऊ नका, मालकसाहेब!

इंजेक्शन मोल्डिंगच्या धंद्यातले माननीय मालकसाहेब यांस,


पत्रावर प्लॉट नंबर मुद्दामच घातलेला नाही. वाळूज, भोसरी, अंबरनाथ, वसई, जळगाव, कुठल्याही पत्त्यावर पोचलं तरी ते आपल्यालाच आहे असं समजावं. लिहिण्याचं कारण अभिनंदनाचं आहे. आपल्या मशीनवरच्या सेटरने नोकरी सांभाळून पॉलिमर प्रोसेसिंग शिकण्याची परवानगी मागितली आणि आपण ‘तुला मशीन येतंच की, आता कागद कशाला हवा?’ असं म्हणून ती नाकारलीत. या निर्णयामागचं शहाणपण बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. अर्धवेळ शिक्षणाचं कौतुक करणारी मंडळी हल्ली फार झाली आहेत. त्यांच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून आपली बाजू एकदा सविस्तर मांडून ठेवावी, एवढाच या पत्राचा हेतू.

आपला पहिला मुद्दा अनुभवाचा, आणि तो भक्कम आहे. बारा वर्षं पॉलिप्रॉपिलीनच्या बादल्या, झाकणं आणि खुर्च्या काढलेल्या माणसाला कुठलं पुस्तक काय शिकवणार? पीसवर काही बिघडलं की हीटरचं तापमान दहा अंशांनी वाढवायचं, हा त्याचा हातखंडा इलाज आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो. मग एक दिवस आपल्याला पॉलिकार्बोनेटची ऑर्डर मिळते. पीसवर चांदीसारख्या रेषा उमटतात, सेटर सवयीने तापमान वाढवतो, आणि रेषा आणखी वाढतात. कारण दोष तापमानाचा नसतोच. पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी शोषून घेतं. तो दाणा साधारण 120 अंशांवर तीन-चार तास वाळवून त्यातला ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. तो तसाच बॅरलमध्ये गेला, की तिथल्या तीनशेच्या आसपासच्या तापमानात पाणी पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडत सुटतं. साखळी आखूड झाली की माल पातळ होतो आणि साच्यात छान भरतो. त्यामुळे रेषा नसलेला पीससुद्धा दिसायला चकचकीत निघतो, पण ग्राहकाकडे स्क्रू आवळताना तडकतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून बारा वर्षांच्या अनुभवात हा प्रसंग एकदाही आलेला नसतो. जुलै महिन्यात, बाहेर कोसळत असताना, वाळवलेल्या दाण्याची गोणी मशीनशेजारी तोंड उघडी ठेवून जेवायला जाणं हे त्या अनुभवाशी सुसंगतच आहे. आणि यात आपली मोठी सोय आहे, मालकसाहेब: परत आलेल्या मालाचं खापर क्वालिटीवाल्यावर फोडता येतं आणि क्वालिटीवाला ते दाणा विकणाऱ्या व्यापाऱ्यावर ढकलू शकतो. सेटर शिकलेला असता, तर त्याने पहिल्या तासाभरातच ‘साहेब, ड्रायर बंद आहे’ असं सांगून सगळा खेळ बिघडवला असता.

नायलॉनची तर आणखी गंमत. ते मोल्डिंगच्या आधी कोरडं लागतं, पण मशीनमधून निघालेला कोरडाठाक पीस ठिसूळ असतो. हवेतला ओलावा मुरल्यावर तो चिवट होतो आणि मापाने किंचित वाढतोही. म्हणजे गरम पीस हातात घेऊन तिथल्या तिथे व्हर्नियर लावणाऱ्याला मापही चुकीचं मिळतं आणि ताकदही. हे गणित कळायला चुका करत वर्षं घालवता येतात किंवा काही तासांची व्याख्यानं ऐकता येतात. आपण पहिला मार्ग निवडलात. त्याचा खर्च ‘रिजेक्शन’ या खात्यावर पडतो, फीच्या खात्यावर नाही, म्हणून तो टोचत नाही.

दुसरा मुद्दा असा, की मशीनच सगळं करतं. नव्या मशीनच्या पडद्यावर सेटिंग साठवलेलं असतं, बटण दाबलं की माल सुरू. खरंय. फक्त ते सेटिंग ज्याने साठवलं त्याने थंड होण्याचा वेळ कसा ठरवला होता, हे कुणी विचारत नाही. साच्यात पीस थंड होण्याचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरची भिंत तीन केली तर वेळ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. म्हणून ‘मजबुतीसाठी थोडं जाड करू’ हे वाक्य मीटिंगमध्ये फुकटात बोललं जातं आणि मशीनवर रोज वसूल होतं. एक शॉट काढण्याच्या सायकलचा सगळ्यात मोठा तुकडा बहुतेक पीसमध्ये थंड होण्यातच जातो. तिथे डोकं चालवून 40 सेकंदांची सायकल 36 वर आणली, तर न थांबता चाललेल्या चोवीस तासांत 2,160 ऐवजी 2,400 शॉट पडतात, तेही त्याच मशीनवर आणि त्याच पगारात. हेच पीस न भरण्याचं. वितळलेलं प्लास्टिक पाण्यासारखं वागत नाही. त्याला जितक्या वेगाने ढकलावं तितकं ते पातळ होतं. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा शॉर्ट शॉट इंजेक्शनचा वेग वाढवून पुष्कळदा सुटतो. तापमान वाढवलं तर ती उष्णता पुन्हा काढायला वेळ जातो. पॉलिकार्बोनेटचं नेमकं उलट, ते वेगापेक्षा तापमानाला जास्त दाद देतं. ‘स्पीड दिला की भरतं’ हे आपल्या सेटरला ठाऊक आहेच. कोणत्या मालात भरतं आणि का भरतं, हे कळलं की तो नवीन मालावरसुद्धा अंदाज बांधू शकेल. मग पडद्यावर साठवलेल्या सेटिंगचा मान काय राहिला?

आता आपला हुकमाचा एक्का: शिकला की सोडून जातो. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. छोट्या कारखानदाराने माणूस तयार करायचा आणि मोठ्या कंपनीने तो दोन हजार जास्त देऊन उचलायचा, हे घडतं, आणि त्यातला तोटा खरा असतो. पण न शिकलेला माणूसही जातोच की. शेजारच्या प्लॉटवर पाचशे रुपये जास्त मिळाले तरी जातो, आणि जाताना आपल्या साच्यांची सगळी माहिती डोक्यात घेऊन जातो, कारण ती कागदावर कधी उतरलेलीच नसते. शिकणाऱ्याचं वेगळं आहे. 2023-24 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) नोकरी करणाऱ्यांसाठी इंजिनिअरिंगच्या पदविका आणि पदवीच्या स्वतंत्र तुकड्या चालवायला परवानगी दिली. वर्ग कामाच्या वेळा सांभाळून भरवायचे, उमेदवार खरोखर नोकरीत असला पाहिजे, आणि त्याचं गाव किंवा कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतरात असली पाहिजे. पदविका झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, तिथून पुढे तीन वर्षं. नोकरी सोडली तर प्रवेशच अडचणीत, लांब गेला तर वर्ग बुडाला. बाँडवर सही घेऊन जे साधत नाही ते कॉलेजचं वेळापत्रक फुकटात साधून देतं. एवढा घट्ट बांधलेला माणूस आपण हातचा घालवलात, हे धाडसाचंच म्हणायचं.

यावर आपण म्हणाल, इंजिनिअरच हवा असेल तर पूर्णवेळ शिकलेला ताजा मुलगा घेऊ. जरूर घ्या. या विषयाच्या चांगल्या संस्था आपल्याकडे आहेत. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली माटुंग्याची आयसीटी आहे. 1968 मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या सिपेटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथून आलेली मुलं हुशार असतात. अडचण एवढीच, की पूर्णवेळ विद्यार्थ्याला उत्तर आधी मिळतं आणि प्रश्न चार वर्षांनी. आकुंचनाचा तक्ता त्याने परीक्षेसाठी पाठ केलेला असतो: पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के, एबीएस साधारण अर्धा टक्का. पण एबीएससाठी बनवलेल्या साच्यात स्वस्त पडतं म्हणून पॉलिप्रॉपिलीन घातलं, तर दोनशे मिलिमीटरच्या झाकणात दोन-तीन मिलिमीटरची तूट येते आणि झाकण डब्यावर बसत नाही, हे दृश्य त्याच्यासमोर नसतं. आपल्या सेटरने ते झाकण हाताने दाबून बसवायचा प्रयत्न केलेला असतो. तोच तक्ता रात्री फळ्यावर दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीनवर पडताळून पाहतो. नोकरी करत शिकणं म्हणजे पूर्णवेळ शिक्षणाची गरिबाघरची आवृत्ती, असं आपण समजतो. मला उलट वाटतं. या विषयात प्रयोगशाळेतली तासाभराची मशीन आणि पाळीभर चालणारी मशीन यांत इतका फरक आहे, की कारखान्यात उभं राहून शिकणं हाच त्याचा स्वाभाविक मार्ग आहे.

अर्धवेळ वर्गांचेही दोष आहेत, ते लपवायचं कारण नाही. नोकरदारांच्या तुकड्या पाहायला गेलं तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर समोर येतात. पॉलिमरची तुकडी शोधावी लागते. दिवसभर शिकवून दमलेला शिक्षक आणि दिवसभर राबून दमलेला विद्यार्थी समोरासमोर बसले, की अभ्यासक्रम उरकण्याकडे कल होतो. पदवी हातात आली आणि डोकं रिकामं राहिलं, असंही होऊ शकतं. पण कॉलेज तुकडी काढतं ती मागणी बघून. एका वसाहतीतल्या वीस कारखान्यांनी मिळून ‘आम्हाला पॉलिमरचे विद्यार्थी पाठवायचे आहेत’ असं पत्र दिलं, तर कुठला प्राचार्य नको म्हणेल? अर्थात वीस मालकांनी एका विषयावर एकत्र यायला तो विषय वीजदराचा असावा लागतो, हेही मान्य.

शेवटी उरतो तो मुद्दा भविष्याचा. प्लास्टिकवर बंद्याच येत आहेत, मग ते शिकून काय उपयोग? महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला बंदीची अधिसूचना काढली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तू बंद केल्या, हे सगळ्यांना आठवतं. त्याच 2022 साली आलेली दुसरी तरतूद मात्र फारशी कुणी वाचली नाही. कडक प्लास्टिकच्या वेष्टनात 2025-26 पासून 30 टक्के पुनर्वापराचा माल आणि तो वाढवत 2028-29 पर्यंत 60 टक्के, असं प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी ठरवून दिलं. आणि हा माल साठवलेल्या सेटिंगला जुमानत नाही. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा पुन्हा वितळवलं की त्याच्या साखळ्या तुटून माल पातळ होत जातो. पॉलिथिनमध्ये साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन तो घट्टही होऊ शकतो. आजची गोणी एक, उद्याची दुसरी, दोन्हींवर लेबल तेच. अशा मालातून रोज एकसारखा पीस काढायचा तर मेल्ट फ्लोची, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो याची, चाचणी करून तिचा अर्थ लावणारा माणूस मशीनपाशी हवा. नवा दाणा स्वस्त आणि एकसारखा होता तेव्हा अडाणीपणा परवडत होता. आता कायदाच अवघड माल वापरायला लावतो आहे. बंदीमुळे हे शिक्षण निरुपयोगी ठरलं, असं म्हणण्यापूर्वी हे नियम आपल्या अकाउंटंटला एकदा वाचायला द्या. दंड कुठे बसतो ते त्याला बरोबर कळेल.

आपण परवानगी नाकारलीत तेव्हा फी, वशिला, वय अशी बरीच कारणं चर्चेत आली असतील. खरं कारण बहुधा कुणी उच्चारलं नसेल: फिरती पाळी. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाइट. संध्याकाळच्या वर्गाला बसणारा माणूस महिन्यातला एक आठवडा हमखास आणि दुसरा झोपेपायी गमावतो. हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येत नाही, आणि मग ‘यांना शिकायचंच नसतं’ असं म्हणायला आपण मोकळे. दुसरं म्हणजे, अनेक ठिकाणी ऑपरेटर कंत्राटदाराच्या पटावर असतो आणि दर काही महिन्यांनी पट बदलतो; प्रवेशासाठी वर्षाचा अनुभव दाखवायचा तर दाखला कुणाचा आणायचा? या दोन्ही गोष्टी सरकारच्या हातात नाहीत, कॉलेजच्या नाहीत, त्या सेटरच्या तर मुळीच नाहीत. त्या आपल्या टेबलावरच्या दोन कागदांत आहेत.

तेव्हा एवढं सगळं वाचूनही आपला निर्णय कायम असेल तर पुन्हा एकदा अभिनंदन. बदलायचा असेल, तर प्रवेश सुरू होण्याआधी त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर सही करा, आणि पाळ्यांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे परीक्षेपर्यंत फर्स्ट शिफ्ट लिहून ठेवा.

कळावे,
आपला हितचिंतक